कामगंध सापळ्यातील पतंगांची संगणकाद्वारे मोजणी
चित्ररूप आज्ञावलीतून ओपन सीव्हीचा उपयोग : एक पाठ

वर्धा जिल्ह्यातील काळ्या जमिनीत कपाशी हे खरिपाचे एक प्रमुख नगदी पीक आहे. हिंगणघाट, देवळी, पुलगाव, आर्वी येथील बाजारांत दिवाळीच्या सुमारास जी वर्दळ दिसते ती या पिकाच्या जोरावरच होय. या पिकास आज सर्वांत अधिक धोका आहे तो गुलाबी बोंडअळीचा. आपल्या देशात २००२ साली बीटी कपाशीस व २००६ साली दोन जनुके असलेल्या बीटी कपाशीस परवानगी मिळाली. आरंभी काही वर्षे बोंडअळ्यांचा उपद्रव पुष्कळ कमी झाला. परंतु पुढे गुलाबी बोंडअळीत या दोन्ही जनुकांच्या विषास दाद न देण्याची शक्ती निर्माण झाली, आणि २०१७-१८ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांचे फार मोठे नुकसान झाले.

ही अळी इतर अळ्यांप्रमाणे उघड्यावर वावरत नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात ती फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते, आत शिरण्याचे छिद्र बुजून जाते, आणि मग कोणतेही औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. यास्तव अळी बोंडात शिरण्यापूर्वीच तिची चाहूल लागणे अगत्याचे असते. ही चाहूल देणारे सर्वांत सोपे साधन म्हणजे कामगंध सापळा, आणि सापळ्याचा सर्व उपयोग त्यातील पतंगांच्या नियमित मोजणीवर अवलंबून आहे. सापळे लावले, परंतु मोजणी झाली नाही, तर ते शेतात टांगलेल्या रिकाम्या पिशव्यांहून अधिक उपयोगाचे ठरत नाहीत.

हे मोजणीचे काम मोबाइलवरील फोटो व साधा संगणक यांच्या साहाय्याने कसे करता येते, त्यासाठी ओपन सीव्ही हा विनामूल्य आज्ञासंच चित्ररूप आज्ञावलीतून कसा वापरावा, आणि यंत्राने दिलेल्या आकड्यावर किती विसंबावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

मोजणी कशासाठी

गुलाबी बोंडअळीच्या पाहणीसाठी पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावण्याची शिफारस आहे. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा सुमारे एक वीत उंच असावा व पीक वाढेल तसा वर सरकवीत जावा. त्यातील गोळीस मादी पतंगासारखा गंध असल्याने नर पतंग आकर्षित होऊन सापळ्यात अडकतात. गोळी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. जुन्या गोळीच्या सापळ्यात पतंग कमी दिसले म्हणून शेतात पतंग कमी आहेत असे समजणे चूक आहे.

उपाययोजनेची वेळ ठरविण्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या जातात. पहिली, सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक पतंग सापडणे. दुसरी, शेकडा १० फुले डोमकळीच्या स्वरूपात दिसणे. तिसरी, तोडून पाहिलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी २ बोंडांत, म्हणजे शेकडा १० बोंडांत, जिवंत अळी आढळणे.

पहिल्या कसोटीत ८ हा आकडा व ‘सलग तीन रात्री’ ही अट, या दोहोंना महत्त्व आहे. म्हणून मोजणी रोज व्हावी लागते आणि ती अचूक व्हावी लागते. गावातील २० शेतकऱ्यांनी प्रत्येकी एक हेक्टरात सापळे लावले तर दररोज १०० सापळे मोजावे लागतात. पहिल्या आठवड्यात हे काम उत्साहाने होते. पुढे निंदण, डवरणी, खताची मात्रा अशी कामे अंगावर येतात, आणि वहीत ‘अंदाजे ५’, ‘अंदाजे ५’ असे आकडे पडू लागतात. नेमक्या याच काळात पतंगांची संख्या वाढत असते.

चुकीच्या आकड्याची किंमत दोन्ही बाजूंनी द्यावी लागते. आकडा खरा असावा त्यापेक्षा कमी आला तर फवारणीस उशीर होऊन बोंडे किडतात. आकडा अधिक आला तर गरज नसताना फवारणी होते. तीत पैसा जातो, मित्रकीटक मरतात आणि फवारणाऱ्याच्या जिवासही धोका संभवतो. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, ही गोष्ट विदर्भातील कोणीही विसरलेले नाही. एक फवारणी वाचविणे म्हणजे केवळ औषधाचे पैसे वाचविणे नव्हे.

ओपन सीव्ही म्हणजे काय

संगणकाला फोटो दिला तर त्याच्या दृष्टीने तो केवळ आकड्यांचा तक्ता असतो. फोटोतील प्रत्येक सूक्ष्म ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. काळ्या-पांढऱ्या फोटोत प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाचा एक आकडा असतो. पूर्ण काळ्यास ० व पूर्ण पांढऱ्यास २५५. या आकड्यांच्या तक्त्यातून ‘पांढऱ्या कागदावर नऊ काळसर वस्तू आहेत’ असा अर्थ काढणे, यास संगणकीय दृष्टी म्हणतात.

असा अर्थ काढण्यासाठी लागणारी गणिते प्रत्येकाने नव्याने लिहावयाची तर ते अवघड काम आहे. ती एकदाच नीट लिहून सर्वांना उपलब्ध करून देण्याच्या हेतूने इंटेल कंपनीत गॅरी ब्रॅडस्की यांच्या पुढाकाराने १९९९ साली ओपन सीव्हीचे काम सुरू झाले. २००० साली हा आज्ञासंच प्रथम लोकांपुढे आला व २००६ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. हा संच मुक्त स्रोत आहे. म्हणजे तो विनामूल्य वापरता येतो, त्यातील मजकूर कोणासही वाचता येतो व गरजेनुसार बदलता येतो. एकदा उतरवून घेतल्यावर त्यास इंटरनेटची गरज राहत नाही. ज्या गावी इंटरनेटची जोडणी वारंवार खंडित होते तेथे ही सोय मोठी आहे.

चित्ररूप आज्ञावली

संगणकास आज्ञा देण्याची नेहमीची रीत म्हणजे ओळीमागून ओळ लिहिणे. ज्यांना हा सराव नाही त्यांना अशा ओळी वाचता येत नाहीत, आणि जे वाचता येत नाही त्यातील चूकही दिसत नाही. यावर उपाय म्हणून चित्ररूप आज्ञावली निघाल्या. त्यांत प्रत्येक काम एका चौकटीने दाखवितात व एका चौकटीचे उत्तर दुसरीकडे कसे जाते ते तारेने जोडून दाखवितात. शेतातील पाणी विहिरीवरून पाटाने व पाटातून सऱ्यांत कसे जाते हे जसे डोळ्यांना दिसते, तसाच येथे माहितीचा प्रवाह दिसतो.

प्रयोगशाळा व कारखाने यांसाठी १९८६ साली निघालेली लॅबव्ह्यू ही या जातीची एक प्रसिद्ध भाषा होय. आयबीएम कंपनीत २०१३ साली तयार झालेले नोड-रेड हे साधनही याच पद्धतीचे असून ते मुक्त स्रोत आहे. प्रस्तुत पाठासाठी नोड-रेड निवडले आहे. ते विनामूल्य आहे, साध्या संगणकावर तसेच रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावरही चालते, आणि त्यातील चौकटींना मराठीत नावे देता येतात. ‘फोटो मोज’, ‘सरासरी काढ’, ‘आठाशी ताड’ अशी नावे दिलेली आकृती भिंतीवर लावली तर शेतकरी गटातील कोणासही ती वाचून प्रश्न विचारता येतो.

चित्ररूप आज्ञावली व ओपन सीव्ही यांचा सांधा दोन रीतींनी जुळविता येतो. पहिल्या रीतीत चित्ररूप आज्ञावली ओपन सीव्हीच्या संचास थेट हाक मारते. लॅबव्ह्यूमध्ये बाहेरील संचास हाक मारणारी चौकट आहे. परंतु ओपन सीव्ही हा सी-प्लस-प्लस भाषेत लिहिलेला असून ती चौकट साध्या सी भाषेची मांडणी अपेक्षिते. त्यामुळे मध्ये एक दुभाषी आज्ञावली लिहून घ्यावी लागते. दुसऱ्या रीतीत मोजणीची एक छोटी आज्ञावली पायथन भाषेत वेगळी लिहितात, चित्ररूप आज्ञावली तिला फोटो दाखविते व तिच्याकडून केवळ आकडा घेते. गावपातळीवर दुसरी रीत इष्ट ठरते. बिघाड झाल्यास तो मोजणीच्या बाजूस आहे की आकृतीच्या बाजूस, हे चटकन कळते.

लागणारे साहित्य

१. कॅमेरा असलेला साधा मोबाइल.
२. ग्रामपंचायतीतील किंवा गटाकडील एक संगणक. त्यावर पायथन, ओपन सीव्ही व नोड-रेड ही तिन्ही एकदा बसवून घ्यावीत.
३. फिकट पांढऱ्या रंगाचा ट्रे किंवा पुठ्ठ्यावर चिकटविलेला कोरा कागद. कागदावर बरोबर २० सेंटिमीटर अंतरावर दोन बारीक खुणा कराव्यात.
४. मोबाइल ठराविक उंचीवर ठेवण्यासाठी लाकडी घोडी.
५. नोंदवही व पेन्सिल. संगणक असला तरी वही सोडू नये.

पायथनमधील मोजणीची आज्ञावली साधारण २५ ते ३० ओळींची होते. तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संगणक शिकणारा विद्यार्थी ती लिहू शकतो. कार्यकर्त्याने ती स्वतः लिहिण्याची गरज नाही. मात्र तिने कोणती कामे कोणत्या क्रमाने केली पाहिजेत हे त्यास पक्के ठाऊक असावे.

फोटो कसा घ्यावा

सकाळी सापळ्याच्या पिशवीतील मेलेले पतंग ट्रेवर ओतावेत व काडीने एकमेकांपासून अलग करावेत. एका सापळ्याचा एक फोटो घ्यावा. फोटो ओसरीच्या सावलीत, सारख्या उजेडात घ्यावा. थेट उन्हात घेतल्यास पतंगाशेजारी त्याची सावली पडते व संगणक दोन्ही मिळून एक वस्तू धरतो. कचरा, पानांचे तुकडे, मुंग्या काढून टाकाव्यात. मोबाइलची उंची रोज एकच ठेवावी.

ट्रेवरील पतंगांत गुलाबी बोंडअळीचे कोणते व अमेरिकन बोंडअळीचे कोणते, हे ही साधी आज्ञावली ओळखत नाही. ओळखण्याचे काम येथे सापळ्यातील गोळीने आधीच केलेले असते, कारण त्या गोळीच्या गंधाकडे मुख्यतः त्याच जातीचे नर येतात. संगणकाकडे उरते ती केवळ मोजणी. म्हणूनच दोन वेगळ्या किडींच्या सापळ्यांतील पतंग एकाच ट्रेवर कधीही ओतू नयेत.

ओपन सीव्हीची पाच कामे

पहिले काम : फोटो उघडून त्याचे रंग काढून टाकणे व उजेडाचे आकडे ठेवणे.

दुसरे काम : फोटो किंचित पुसट करणे. त्यामुळे कागदाचा खरखरीतपणा व धुळीचे कण मावळतात.

तिसरे काम : उजेडाची एक सीमा ठरवून तिच्यापेक्षा गडद ते ‘वस्तू’ व फिकट तो ‘कागद’ अशी वाटणी करणे. ही सीमा फोटोवरूनच ठरविण्याची एक रीत जपानचे संशोधक नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली मांडली. तिची सोय ओपन सीव्हीत आहे.

चौथे काम : सुटे बारीक ठिपके, तुटलेले पाय, खवले इत्यादी झाडून टाकणे.

पाचवे काम : उरलेल्या प्रत्येक गडद वस्तूची कड शोधणे, तिचे क्षेत्रफळ पिक्सेलांत मोजणे व पतंगाएवढ्या वस्तूंची संख्या सांगणे.

यातील पाचव्या कामाचे गणित कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. समजा, कागदावरील २० सेंटिमीटरच्या दोन खुणांमधील अंतर फोटोत २,००० पिक्सेल भरले. म्हणजे १ मिलिमीटरास १० पिक्सेल, व १ चौरस मिलिमीटरास १०० पिक्सेल झाले. आता २० पतंग अलग अलग ठेवून फोटो घ्यावा व प्रत्येकाचे क्षेत्रफळ पाहावे. समजा, मधला आकडा २,००० पिक्सेल, म्हणजे २० चौरस मिलिमीटर निघाला. त्याच्या निम्मी म्हणजे १,००० ही खालची मर्यादा ठेवावी. त्याहून लहान वस्तू मोजू नये. १,००० ते ३,००० पर्यंतची वस्तू म्हणजे एक पतंग. त्याहून मोठी वस्तू म्हणजे चिकटलेले पतंग समजून २,००० ने भागावे व जवळचा पूर्णांक घ्यावा. ४,१०० पिक्सेलची वस्तू म्हणजे २ पतंग.

हा भागाकार अमर्याद करू देणे मात्र धोक्याचे आहे. ट्रेच्या कोपऱ्यावर हाताची सावली पडली तर ती लाखभर पिक्सेलची एक वस्तू होते व यंत्र त्यास ५० पतंग म्हणून मोकळे होते. यासाठी १०,००० पिक्सेलहून, म्हणजे पाच पतंगांहून, मोठी वस्तू आढळल्यास आज्ञावलीने आकडा न देता ‘फोटो पुन्हा घ्या’ असे सांगावे. वरील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गटाने आपल्या मोबाइलवर व आपल्या घोडीच्या उंचीवर ते नव्याने काढावेत.

आकृतीची जुळणी

नोड-रेड सुरू केल्यावर त्याचा फलक संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडतो. डाव्या बाजूस चौकटींची यादी असते. तीतून चौकट उचलून मधल्या कोऱ्या जागेत ठेवावी व तारेने पुढील चौकटीस जोडावी.

पहिली चौकट ‘इंजेक्ट’ जातीची घ्यावी. हिच्या डाव्या कडेच्या बटनावर टिचकी मारली की काम सुरू होते. हिला ‘आजची मोजणी’ असे नाव द्यावे.

दुसरी चौकट ‘एक्झेक’ जातीची असते. ही चौकट बाहेरील आज्ञावली चालविते. हिच्यात पायथनची मोजणी आज्ञावली चालविण्याचा हुकूम लिहावा. ती आज्ञावली दिवसाच्या फोल्डरमधील सर्व फोटो पाहून प्रत्येक सापळ्याचा क्रमांक व आकडा अशी एकेक ओळ परत देते. या चौकटीस तीन वाटा असतात. पहिल्या वाटेने उत्तर येते, दुसऱ्या वाटेने बिघाडाची तक्रार येते, तिसऱ्या वाटेने काम सुखरूप संपले की नाही याची खूण येते. ती खूण ० असेल तर ठीक समजावे.

तिसरी चौकट ‘फंक्शन’ जातीची. ही आलेल्या आकड्यांची सरासरी काढते व मागील दोन दिवसांच्या सरासरीशेजारी ठेवते. हिच्यात चार-सहा ओळी लिहाव्या लागतात. नोड-रेडची ही आठवण, वेगळी तजवीज न केल्यास, संगणक बंद होताच पुसली जाते. म्हणून ‘फाइल’ जातीची चौकट जोडून रोजची ओळ साठवावी, आणि तीच ओळ वहीतही उतरावी.

चौथी चौकट ‘स्विच’ जातीची. पाटाच्या तोंडाशी माती लावून पाणी हव्या त्या सरीत वळवावे त्याप्रमाणे ही चौकट आकडा पाहून वाट ठरविते. सरासरी ८ हून कमी असल्यास ‘सापळे पाहणे चालू ठेवा’. ८ किंवा अधिक, परंतु तीन दिवस पूर्ण नाहीत, तर ‘उद्या न चुकता मोजा’. सलग तीन दिवस ८ किंवा अधिक, तर ‘आजच शेतात जाऊन बोंडे फोडून पहा’.

पाचवी चौकट ‘डीबग’ जातीची. हिच्यातून उत्तर पडद्यावर दिसते. सर्व जोडणी झाल्यावर वरील ‘डिप्लॉय’ बटन दाबावे. त्याशिवाय केलेला बदल अमलात येत नाही.

एक्झेक चौकटीच्या दुसऱ्या वाटेस वेगळी डीबग चौकट जोडण्यास विसरू नये. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु हिच्यावर सर्व मोजणीचा विश्वास अवलंबून आहे. पायथनमध्ये ओपन सीव्हीस फोटो सापडला नाही किंवा उघडता आला नाही तर तो ओरडत नाही, निमूटपणे रिकामे उत्तर देतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने रिकाम्या उत्तरास ० समजले, तर काय होते पहा. समजा, पाच सापळ्यांत ६, ९, ११, ७ व ८ पतंग आहेत. बेरीज ४१, सरासरी ८.२. तिसऱ्या सापळ्याचा फोटो उघडला नाही व त्याचा आकडा ० धरला गेला, तर बेरीज ३० व सरासरी ६ येते. धोक्याची सूचना द्यावयाच्या दिवशी यंत्र निर्धास्त राहावयास सांगते. म्हणून ‘पतंग नाहीत’ व ‘फोटो नाही’ या दोन गोष्टी आज्ञावलीने वेगळ्या सांगितल्याच पाहिजेत. फोटो नसेल त्या सापळ्याचा आकडा हाताने मोजून घालावा.

याच संबंधात आणखी एक सूचना. विंडोज प्रणालीच्या संगणकावर फोटोचे किंवा फोल्डरचे नाव देवनागरीत असल्यास ओपन सीव्हीच्या नेहमीच्या रीतीने फोटो बहुधा उघडत नाही. आकृतीतील चौकटींची नावे मराठीत ठेवावीत. फोटोंना व फोल्डरांना मात्र रोमन अक्षर व अंक यांची आखूड नावे द्यावीत.

पडताळणी

जुळणी पूर्ण झाली म्हणजे यंत्र विश्वासपात्र झाले असे नव्हे. नव्या वजनकाट्यावर आपण आधी ठाऊक असलेले वजन ठेवून पाहतो, तद्वत पुढील तीन परीक्षा घ्याव्यात.

पहिली परीक्षा कोऱ्या कागदाची. एकही पतंग नसलेल्या ट्रेचा फोटो द्यावा. उत्तर ० आले पाहिजे. उजेडाची सीमा आपोआप ठरविणारी रीत कोऱ्या कागदाचेही दोन भाग पाडण्याचा प्रयत्न करते, त्यामुळे ही परीक्षा वाटते तितकी सोपी नाही.

दुसरी परीक्षा मोजलेल्या पतंगांची. हाताने मोजून ३, ८ व १५ पतंग ठेवून फोटो द्यावेत, व प्रत्येक फोटो काडीने पतंग हलवून तीन वेळा घ्यावा.

तिसरी परीक्षा दहा दिवसांची. सलग दहा दिवस प्रत्येक सापळ्याची मोजणी हाताने व यंत्राने, दोन्ही रीतींनी करावी व दोन आकडे शेजारी लिहावेत. येथे केवळ बेरीज जुळते का हे पाहून समाधान मानू नये. समजा, एके दिवशी हाताने ७ व यंत्राने ९, आणि दुसऱ्या दिवशी हाताने १० व यंत्राने ८ असे आकडे आले. दोन दिवसांची बेरीज दोन्हीकडे १७ आहे. परंतु पहिल्या दिवशी यंत्राने ८ ची रेषा नसताना ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी वाढता जोर लपविला. म्हणून फरक दिवसागणिक व सापळ्यागणिक पाहावा. ८ च्या आसपासच्या आकड्यांत एकाहून अधिक फरक वारंवार पडत असेल तर क्षेत्रफळाच्या मर्यादा व फोटोची रीत सुधारावी, आणि सुधारणा झाल्यावर पुन्हा दहा दिवस मोजावे.

यंत्राचे काम व माणसाचे काम

या क्षेत्रात याहून पुढारलेले कामही झाले आहे. वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्था या मुंबईच्या संस्थेने कपाशीच्या सापळ्यांतील पतंग फोटोवरून ओळखून मोजणारी कॉटनएस नावाची मोबाइल आज्ञावली तयार केली आहे. २०१९ साली या कामास गूगलच्या सेवाभावी शाखेचे अनुदान मिळाले. तीत क्षेत्रफळ मोजण्याऐवजी सहस्रावधी फोटो दाखवून यंत्रास पतंग ओळखण्यास शिकविलेले आहे. त्यामुळे गुलाबी व अमेरिकन अशा दोन्ही बोंडअळ्यांचे पतंग ते वेगळे सांगू शकते. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाने २००९-१० पासून चालविलेला पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, हाही ठराविक शेतांतील नियमित मोजणीच्याच पायावर उभा आहे. मोठ्या प्रमाणावरील या कामांना हा पाठ पर्याय नव्हे. त्याचा हेतू इतकाच की यंत्र आकडा कसा काढते हे गावातील माणसास स्वतः करून कळावे. ज्यास हे कळले तो कोणत्याही आयत्या यंत्राचा आकडा डोळे झाकून स्वीकारणार नाही, अथवा यंत्राचा म्हणून उगाच झिडकारणारही नाही.

आकृतीतील शेवटची सूचना ‘फवारणी करा’ अशी न ठेवता ‘बोंडे फोडून पहा’ अशी ठेवली आहे, ती याच कारणाने. सापळा नर पतंग मोजतो. आपल्या शेतातील बोंडांत अळी आहे किंवा नाही हे तो सांगत नाही. जिनिंगच्या आसपासच्या शेतांत हंगामाच्या आरंभी पुष्कळ पतंग सापडू शकतात. त्या वेळी पिकास पात्या-फुलेच नसतील तर त्या पतंगांच्या पिढीस खाद्य मिळत नाही, आणि फवारणीचा खर्च व्यर्थ जातो. उलट सापळ्यात आकडा कमी असूनही डोमकळ्या दिसत असतील तर डोमकळ्यांचा पुरावा अधिक मोलाचा मानावा.

म्हणून यंत्राची सूचना येताच एकरातून निरनिराळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. २ किंवा अधिक बोंडांत जिवंत अळी असल्यास कृषी कर्मचारी, सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या चालू शिफारशीनुसार उपाय योजावा. बोंडांत अळी आढळली नाही तरी सापळे सलग ८ ची रेषा ओलांडीत असतील तर हीच तपासणी दर दोन-तीन दिवसांनी करावी व सल्ला घ्यावा. फवारणी करावी लागलीच तर हातमोजे, तोंडावर मुखवटा, अंगभर कपडे वापरावेत, वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नये व शिफारस नसलेली औषधे एकत्र मिसळू नयेत. डोमकळ्या रोज तोडून नष्ट कराव्यात. हंगाम डिसेंबरअखेर संपवावा व फरदड घेऊ नये. फरदडीच्या शेतात वाढलेली अळी पुढील वर्षाच्या सापळ्यांतला आकडा आदल्या वर्षीच लिहून ठेवते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

पोळ्यापूर्वी पात्या धरण्याच्या सुमारास दहा दिवसांची परीक्षा पूर्ण व्हावी अशा बेताने तयारी करावी. आरंभी एक गाव, एक गट व पाच सापळे एवढेच घ्यावे. आकृतीचे चित्र व रोजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. दर आठवड्यास एका दिवशी हाताने मोजणी करून यंत्राचा आकडा तपासावा. ही सवय हंगाम संपेपर्यंत मोडू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. २० सेंटिमीटरच्या खुणांमधील अंतर फोटोत १,६०० पिक्सेल भरले, तर २० चौरस मिलिमीटरच्या पतंगाचे क्षेत्रफळ किती पिक्सेल येईल? उत्तर : १ मिलिमीटरास ८ पिक्सेल, म्हणून १,२८० पिक्सेल.

२. चार सापळ्यांत ७, ८, १० व ९ पतंग आहेत. पाचव्याचा फोटो उघडला नाही. सरासरी किती धरावी? उत्तर : धरू नये. पाचवा सापळा हाताने मोजावा, मगच सरासरी काढावी.

३. सलग तीन दिवस सरासरी ९ आली, २० बोंडांपैकी एकात अळी आढळली. काय करावे? उत्तर : बोंडांची मर्यादा ओलांडलेली नाही, परंतु पतंगांची ओलांडली आहे. कृषी कर्मचाऱ्यास त्याच दिवशी कळवून सल्ला घ्यावा, डोमकळ्या मोजाव्यात, व दोन-तीन दिवसांनी पुन्हा बोंडे तपासावीत.